पारख्याच्या हाती दप्तर

ऑगस्ट उजाडला म्हणजे सातारा आणि सांगली या दोन्ही जिल्ह्यांत तालुका पातळीवरील शालेय क्रीडास्पर्धांचा हंगाम सुरू होतो, आणि जावळी-महाबळेश्वराकडे कोसळणारा, वाळवा-शिराळ्याकडे रिपरिपणारा व माण-जतकडे केवळ आशेला लावणारा पाऊस अंगावर घेत, गळ्यात शिट्टी आणि प्लास्टिकच्या पिशवीत हजेरीचा कागद जपणारे क्रीडाशिक्षक मैदानाच्या कडेला उभे असलेले दिसू लागतात. या हंगामाच्या वृत्तांतात विजयी मुलांची नावे छापून येतात, शाळेचे नाव येते, बक्षीस देणाऱ्या पाहुण्यांचे आणि संस्थेच्या अध्यक्षांचे तर अग्रक्रमाने येते. परंतु त्या मुलाच्या पायांतला वेग किंवा खांद्यातला जोर पहिल्यांदा कोणाच्या नजरेस पडला, याची नोंद ना वृत्तांतात असते, ना जिल्हा क्रीडा कचेरीच्या दप्तरात.

माझी तक्रार श्रेयाची नाही. एखादा विद्यार्थी राज्यपातळीवर चमकला की त्या आनंदातच आपल्या साऱ्या कष्टांचे मोल फिटले असे मानणारे गुरुजी आपल्याकडे आजही पुष्कळ आहेत, आणि श्रेयाची त्यांना फारशी क्षितीही नसते. प्रश्न आहे तो अखत्याराचा. ज्याला माणूस पारखता येतो आणि ज्याची पारख वर्षानुवर्षांच्या अनुभवाने रुजू झालेली आहे, त्याला खेळाच्या कारभारात, म्हणजे निवड करण्याच्या, नेमणुका ठरविण्याच्या आणि पैसा कोठे खर्च व्हावा हे सांगण्याच्या कामात काही हुद्दा मिळतो काय, असा तो प्रश्न असून, या दोन जिल्ह्यांपुरते बोलायचे तर त्याचे उत्तर बव्हंशी नकारार्थी आहे. जगातील पुढारलेल्या व्यावसायिक संघांनी मात्र तो निराळ्या रीतीने सोडविला आहे. तेथे मैदानोमैदान हिंडून खेळाडू हेरणारा माणूस कालांतराने संघाच्या कारभारी मंडळात, क्वचित मुख्य कारभाऱ्याच्या खुर्चीवरही, जाऊन बसतो. आणि ही बढती त्याला उपकार म्हणून नव्हे, तर संघाचे हित तीत आहे म्हणून मिळते.

फलटण तालुक्यातील सरडे गावच्या प्रवीण जाधवची हकिकत पुष्कळांनी ऐकली असेल. पण ती ऐकताना आपण खेळाडूकडे पाहतो, पारख्याकडे पाहत नाही. मोलमजुरी करणाऱ्या आईबापांच्या या मुलाला जिल्हा परिषदेच्या शाळेतील शिक्षक विकास भुजबळ यांनी प्रथम धावण्याच्या सरावाला उभे केले, तेव्हा त्याची प्रकृती इतकी तोळामासा होती की सरावापूर्वी अंग मोकळे करण्याच्या हालचालींतच त्याला भोवळ आली. घड्याळ आणि फूटपट्टी घेऊन बसलेल्या कोणत्याही निवड समितीने त्या मुलाला घरी पाठविले असते, आणि कागदोपत्री ते योग्यही ठरले असते. गुरुजींनी त्याच्या खाण्यापिण्याची तजवीज केली आणि पुढे त्याला शासनाच्या क्रीडा प्रबोधिनीची वाट दाखविली. तेथे एका चाचणीत दहा मीटरांवरच्या कड्यात दहाच्या दहा चेंडू अचूक टाकून दाखविल्यामुळे हा धावपटू धनुर्विद्येकडे वळविला गेला. मात्र काही काळाने त्याची प्रगती खुंटल्यासारखी दिसली, त्याला प्रबोधिनीतून कमी करण्याची वेळ आली, आणि तेव्हा भुजबळांनीच रदबदली करून त्याला पाच बाणांची एक शेवटची संधी मिळवून दिली. ती त्याने साधली. २०१९ साली जागतिक अजिंक्यपद स्पर्धेत अतनु दास व तरुणदीप राय यांच्यासह त्याने सांघिक रौप्यपदक मिळविले, आणि २०२१ साली टोकियोच्या ऑलिंपिकमध्ये जागतिक क्रमवारीतील दुसऱ्या क्रमांकाच्या रशियन तिरंदाजाला पहिल्याच फेरीत एकही गुण न देता हरविले.

या हकिकतीत मला खटकते ती ‘रदबदली’. ज्याने मुलगा ओळखला त्याच्या हाती विनवणीखेरीज दुसरे साधन नव्हते, आणि ज्यांच्या हाती हुकूम होता त्यांच्यापुढे तो मुलगा गुणांच्या तक्त्यातील एका ओळीपलीकडे कधी आलाच नव्हता. हा कोणा एका अधिकाऱ्याचा दोष नव्हे. व्यवस्थेची घडणच तशी आहे. भुजबळांची भीड त्या दिवशी चालली. ज्यांची चालली नाही अशा गुरुजींची गणती कोणी केलेली नाही, आणि त्यांच्या विद्यार्थ्यांची नावे आपल्याला ठाऊक असण्याचे काही कारणही नाही.

या बाबतीत अमेरिकेतील बिल नन यांचे चरित्र मला विशेष उद्बोधक वाटते. पिट्सबर्ग शहरातून कृष्णवर्णीय वाचकांसाठी निघणाऱ्या ‘पिट्सबर्ग कुरियर’ या वृत्तपत्राचे ते क्रीडासंपादक होते. दक्षिणेकडील ज्या कृष्णवर्णीय महाविद्यालयांकडे बहुतेक गोरे संघचालक ढुंकूनही पाहत नसत, तेथे स्वतः हिंडून, शिरस्त्राण घालून खेळल्या जाणाऱ्या त्या दांडग्या अमेरिकन फुटबॉलमधील उत्तमोत्तम खेळाडूंचा एक मानाचा संघ ते दरवर्षी आपल्या पत्रात जाहीर करीत. स्वतःच्याच शहरातील स्टीलर्स हा व्यावसायिक संघ या गुणवत्तेकडे पाठ फिरवितो, याचा त्यांना रोष होता. तो संघाच्या धन्यांच्या, म्हणजे रूनी घराण्याच्या, कानावर गेला, तेव्हा त्या घराण्यातील डॅन रूनी यांनी टीकाकाराशी वाद घालीत बसण्याऐवजी त्यालाच संघाच्या चाकरीत घेतले. १९६७ साली अर्धवेळ, पुढे पूर्णवेळ, आणि नंतर खेळाडू-भरती विभागाचे सहायक संचालक अशी त्यांची चढती कमान झाली.

१९७४ सालच्या भरतीपूर्वी निरनिराळ्या संघांचे पारखी अलाबामातील एका कृष्णवर्णीय महाविद्यालयात जॉन स्टॉलवर्थ नावाच्या तरुणाची परीक्षा घ्यायला गेले. ओल्या मैदानावर त्याला चाळीस यार्ड पळविण्यात आले, घड्याळाने वेळ जास्त दाखविली, आणि मंडळी आपापल्या वह्यांत ‘मंद’ असा शेरा मारून दुसऱ्या गावी निघाली. नन मात्र प्रकृती बरी नसल्याची सबब सांगून मागे राहिले आणि दुसऱ्या दिवशी त्याच तरुणाला कोरड्या जागेवर पुन्हा पळविले. जे त्यांना कळले ते इतरांना कळले नव्हते. त्यामुळे स्टॉलवर्थला घेण्याची घाई न करता स्टीलर्सनी चौथ्या फेरीपर्यंत वाट पाहिली, आणि ८२व्या क्रमांकावर तो त्यांच्या पदरात पडला. त्या एका वर्षीच्या भरतीतील चार खेळाडू, आणि कोणीच न निवडल्यामुळे बाहेर राहिलेला व नन यांच्या पारखीमुळे संघात आलेला डॉनी शेल हा पाचवा, असे पाचजण पुढे त्या खेळाच्या सन्मानभवनात जाऊन बसले. पुढील सहा हंगामांत संघाने चार वेळा राष्ट्रीय अजिंक्यपद पटकाविले. स्वतः नन २०१४ साली वारले, आणि २०२१ साली त्यांचेही नाव त्याच भवनात लागले.

तो ओल्या गवताचा प्रसंग वाचल्यापासून आपल्या ऑगस्टमधील तालुका स्पर्धांकडे मला निराळ्या नजरेने पाहावे लागते. चिखलाने पाय जड झालेल्या, अनवाणी किंवा भावाच्या बुटांत बोळे घालून पळणाऱ्या, सकाळी धारा काढून आणि एस.टी.ची वाट पाहून आलेल्या मुलाची वेळ घड्याळ प्रामाणिकपणे सांगते. पण ते घड्याळ त्या मुलाविषयी सांगत असते की मैदानाविषयी, हे ठरविण्यासाठी दुसऱ्या दिवशी मागे राहणारा कोणीतरी असावा लागतो. क्रीडा प्रबोधिनीच्या प्रवेशासाठी ज्या चाचण्या घेतल्या जातात, म्हणजे उंची, वजन, अंगाची लवचिकता, जागेवरून उडी, मेडिसिन बॉलची फेक, आठशे मीटर धावणे वगैरे, त्या निरुपयोगी नाहीत. हजारो मुलांतून काही निवडायची तर एखादे माप लागणारच. मात्र मापाच्या आधी आणि मापाच्या नंतर पारखी नजर हवी, आणि त्या नजरेला मापाचा निकाल फिरविण्याचा थोडा तरी अधिकार हवा.

आणखी एक गोष्ट जाता जाता सांगतो, कारण ती सहसा कोणी बोलत नाही. दिवाळीच्या सुमारास साखर कारखान्यांचे बॉयलर पेटले म्हणजे कृष्णा-वारणेच्या काठी बीड-धाराशिवकडील ऊसतोड कुटुंबांची पाले पडतात, आणि त्यांतील दहा-बारा वर्षांची मुले डोक्यावर मोळी घेऊन फळीवरून गाडीवर चढताना जो तोल आणि जी ताकद दाखवितात, ती पाहून कोणत्याही देशातला पारखी जागच्या जागी थांबेल. मुलांना ही मजुरी करावी लागते ही लाजिरवाणी गोष्ट आहे, आणि त्यांना तेथून उचलून शाळेत व मैदानावर नेणे हे कर्तव्यच आहे. परंतु आपल्या चाचण्यांच्या वेळी ती मुले येथे नसतात, आणि ती येथे असतात तेव्हा चाचण्या संपलेल्या असतात. कचेरीच्या वेळापत्रकात त्यांना जागाच नाही. असा पेच पारख्याला दिसतो, कारण तो रस्त्यावर असतो. तो सोडविण्याचा हुकूम मात्र रस्त्यावर नसलेल्या माणसाच्या सहीने निघतो.

नन यांच्यासारखीच, म्हणजे वृत्तपत्रातून पारखीकडे आणि पारखीतून कारभाराकडे, अशी वाटचाल आपल्याकडे मकरंद वायंगणकर यांनी क्रिकेटमध्ये केली. मुंबईच्या मैदानांवर आयुष्य काढलेल्या या क्रिकेट-लेखकाने केवळ लेखणी चालवून समाधान मानले नाही. वेगवान गोलंदाज घडविण्यासाठी इंग्लंडचे फ्रँक टायसन यांना मार्गदर्शक म्हणून आणून मुंबईत जी योजना राबविली गेली, तिच्या उभारणीत ते होते; आणि पारस म्हांब्रे, अ‍ॅबी कुरुविला हे त्या योजनेतले गोलंदाज पुढे भारताकडून कसोटी खेळले. लहान शहरांतील गुणी मुले मोठ्या संघटनांच्या नजरेआड राहतात, म्हणून माजी खेळाडूंना देशभर पाठवून त्यांच्याकडून लेखी अहवाल मागवावेत, ही कल्पना त्यांनी मांडली, आणि २००२ साली भारतीय क्रिकेट नियामक मंडळाने दिलीप वेंगसरकर यांच्या अध्यक्षतेखाली अशी एक शाखा स्थापन केली.

या शाखेचा सर्वांत गाजलेला शोध म्हणजे महेंद्रसिंग धोनी. बंगालचे माजी कप्तान प्रकाश पोद्दार हे जमशेदपूरला वास्तविक एकोणीस वर्षांखालील मुलांचा सामना पाहायला गेले होते. शेजारच्या कीनन मैदानावर दुसरा सामना चालू होता आणि तेथून चेंडू पुन्हा पुन्हा कुंपणाबाहेर येऊन पडत होता, म्हणून त्यांनी चौकशी केली, अशी हकिकत वेंगसरकरांनी सांगितली आहे. पोद्दार आणि राजू मुखर्जी यांच्या अहवालात त्या तरुणाच्या फटक्यांतील ताकदीची वाखाणणी होती, आणि यष्टिरक्षण अद्याप कच्चे आहे ही कबुलीही होती. अडचण इतकीच होती की त्याने एकविशी गाठलेली होती, आणि योजनेची वयोमर्यादा होती एकोणीस. वेंगसरकरांनी नियमाला अपवाद केला. येथे दोन गोष्टी एकत्र आल्या, ज्या सरड्याच्या गुरुजींच्या बाबतीत एकत्र आल्या नव्हत्या: पारखणाऱ्याचा शब्द जेथे पोहोचला, तेथे बसलेला माणूस स्वतः पारखी होता आणि त्याच्या हाती मुखत्यारीही होती. रदबदलीची गरज पडली नाही, एक सही पुरली. वायंगणकर स्वतः पुढे बडोदा क्रिकेट संघटनेचे मुख्य कार्यकारी अधिकारी झाले, आणि वेंगसरकर २००६ साली राष्ट्रीय निवड समितीचे अध्यक्ष. ज्या शाखेने धोनी दिला ती मात्र काही वर्षांतच गुंडाळली गेली, हेही आपल्या रीतीला धरूनच झाले म्हणायचे. यशस्वी झालेली योजना बंद करण्यात आपला हात कोणी धरू शकणार नाही.

फुटबॉलच्या बाबतीत मिरज आणि कोल्हापूरकडील वाचकांना अधिक सांगण्याची गरज नाही. भारतीय फुटबॉलमध्येही पारखीतून कारभाराकडे जाणारी ही वाट आता हळूहळू रुळते आहे. भारताचे माजी आघाडीपटू अभिषेक यादव हे २०१७ च्या सतरा वर्षांखालील विश्वचषकासाठी खेळाडू शोधण्याच्या मोहिमेत अग्रभागी होते, आणि पुढे अखिल भारतीय फुटबॉल महासंघाचे उपसरचिटणीस झाले. त्या विश्वचषकाच्या संघात कोल्हापूरचा अनिकेत जाधव होता, हे येथे विसरता येत नाही. मंदार ताम्हाणे यांनी बेंगळुरू संघाचे तांत्रिक संचालक म्हणून संघबांधणीचे काम पाहिले, मग ते त्याच संघाचे मुख्य कार्यकारी अधिकारी झाले, आणि २०२२ मध्ये गुवाहाटीच्या नॉर्थईस्ट युनायटेडचा कारभार त्यांनी हाती घेतला. तोवर एकही मोठी स्पर्धा न जिंकलेल्या त्या संघाने २०२४ साली मोहन बागानसारख्या मातबर संघाला कोलकात्यात हरवून ड्युरँड चषक जिंकला, आणि पुढल्या वर्षी तो राखला. कोणता खेळाडू घ्यावा हे ज्याला उमगते त्याच्याच हाती तिजोरीची किल्ली दिल्याने काय होते, याचे हे ताजे प्रत्यंतर आहे.

याच खेळाच्या जागतिक कायद्यात खेळाडू घडविणाऱ्यांच्या हिताची एक तरतूद आहे, आणि तिचा आपल्याकडील कबड्डी व कुस्तीच्या कारभाऱ्यांनी अवश्य अभ्यास करावा. एखादा फुटबॉलपटू करार चालू असताना एका संघातून दुसऱ्या संघात विकला गेला, तर त्या रकमेतील पाच टक्के हिस्सा त्याला बाराव्या ते तेविसाव्या वर्षापर्यंत ज्या ज्या संघांनी घडविले त्यांच्यात वाटून द्यावा, असा फिफाचा नियम आहे. आमच्या वाळवा तालुक्यातील कासेगावचा काशिलिंग आडके प्रो कबड्डीत दिल्लीच्या संघाकडून गाजला. लिलावात खेळाडूंवर लाखांच्या बोल्या लागताना आपण दूरदर्शनसंचावर पाहतो. पण ज्या गावच्या मंडळाने मैदानावर माती टाकली, दिव्याचे बिल भरले आणि मुलांना घडविले, त्या मंडळाच्या खतावणीत त्या बोलीतले काही जमा होत नाही. पाच टक्क्यांनी कोणी धनाढ्य होणार नाही, पण मैदानाचे पत्रे बदलता येतील.

यावर एक आक्षेप घेतला जाईल, आणि तो गैरवाजवी नाही. माणूस ओळखणे आणि माणसे सांभाळणे या दोन भिन्न विद्या आहेत. उत्तम पारखी हा उत्तम कारभारी होईलच असे नाही. जर्मनीचे स्वेन मिसलिन्टाट यांचा दाखला याला पुरेसा आहे. बोरुसिया डॉर्टमुंडचे मुख्य पारखी असताना त्यांनी हेरलेला शिंजी कागावा हा जपानी खेळाडू २०१० साली अवघ्या साडेतीन लाख युरोंत आला, आणि लागोपाठ दोन वर्षे संघाने जर्मनीचे अजिंक्यपद जिंकले. पुढे श्टुटगार्टच्या संघाचे क्रीडासंचालक म्हणून त्यांनी काही वर्षे काढली, परंतु २०२३ च्या उन्हाळ्यात आयाक्सचा कारभार हाती घेतल्यावर चार-पाच महिन्यांतच, सप्टेंबरात, प्रेक्षकांच्या दंग्याने सामना थांबला त्याच दिवशी, त्यांना बरखास्त करण्यात आले. आपल्याकडेही आपल्याच तालमीतले, आपल्याच भावकीतले पोर पुढे दामटणारे पारखी मी पाहिले आहेत. एकदा मारलेला शेरा चुकला तरी मागे न घेण्याचा हट्ट तर या धंद्याला चिकटलेलाच आहे. म्हणूनच त्यांना अधिकार द्यायचा तो लेखी अहवालाच्या अटीवर द्यावा, आणि त्या अहवालाची पाच वर्षांनी रुजुवात व्हावी, असे माझे म्हणणे आहे. ज्याचे दहांपैकी तीन अंदाज खरे ठरले तो या विद्येत थोर समजावा. आज मात्र ज्यांनी एकही अंदाज कधी कागदावर लिहिला नाही अशी मंडळी निवड समित्यांवर तहहयात नांदतात, आणि त्यांचे किती चुकले हे तपासण्याची सोयच नाही.

पारखी माणूस मोठा कारभारी होऊ शकतो की नाही, हे पाहायला वस्तुतः आपल्याला युरोप-अमेरिकेपर्यंत जाण्याचे प्रयोजन नव्हते. कर्मवीर भाऊराव पाटील यांचे घराणे वाळवा तालुक्यातील ऐतवडे बुद्रुकचे, आणि कर्मभूमी सातारा. म्हणजे हे दोन्ही जिल्हे त्यांच्यावर सारखाच हक्क सांगू शकतात. किर्लोस्करांच्या नांगरांच्या विक्रीसाठी खेडोपाडी हिंडताना त्यांनी शेतकऱ्यांच्या दारात खेळणारी, बुद्धीने तल्लख पण शाळेचे तोंड न पाहिलेली मुले पाहिली. त्या मुलांना त्यांनी हाताला धरून आणले, आणि त्यांच्यासाठी १९१९ साली कऱ्हाड तालुक्यातील काले येथे रयत शिक्षण संस्था काढली. १९२४ साली साताऱ्यात वसतिगृह सुरू झाले, १९२७ साली गांधीजींच्या हस्ते त्याला राजर्षी शाहू महाराजांचे नाव दिले गेले, आणि त्या मुलांच्या अन्नासाठी त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंचे दागिने गेले. भाऊराव स्वतः इंग्रजी सहावीच्या पुढे शिकले नव्हते. त्यांच्याजवळ होती ती मुलगा पाहताच त्याच्या ठायी काय आहे हे ओळखण्याची नजर. आणि मुख्य म्हणजे, ती नजर आणि संस्थेचा अखत्यार ही दोन्ही एकाच माणसाकडे होती. गावात मुलगा पाहिला की त्याच संध्याकाळी त्याला वसतिगृहात जागा देता येत असे. दरखास्त, टिपणी, मंजुरी अशी पायरी-पायरीची चढण नव्हती. कोणी मोठ्या हुद्द्यावरचा माणूस शिक्षणाधिकारी म्हणून आणून बसविला असता, तर रयतेचे काम इतके पसरले असते असे मला वाटत नाही.

खेळात असा योग साताऱ्याने अलीकडे पाहिला, तो प्रवीण सावंत यांच्या धनुर्विद्येच्या प्रबोधिनीत. ऑगस्ट २०२३ मध्ये बर्लिनच्या जागतिक स्पर्धेत साताऱ्याची सतरा वर्षांची अदिती स्वामी आणि नागपूरचा ओजस देवतळे यांनी एकाच दिवशी कंपाउंड प्रकारातील वैयक्तिक विश्वविजेतेपदे जिंकली, आणि दोघेही सावंतांचे शिष्य. मुलाची निवड, त्याचा सराव, त्याने कोणत्या स्पर्धेला जावे आणि कोणती सोडावी, हे सारे तेथे एकाच माणसाच्या विचाराने चालते; ती संस्था त्याची आहे, म्हणून तेथे त्याला कोणाची रदबदली करावी लागत नाही. परंतु प्रत्येक पारख्याने स्वतःची संस्था काढावी, कर्ज करावे, मैदानासाठी उसाचे रान भाड्याने घ्यावे, आणि मगच त्याला अधिकार मिळावा, ही अपेक्षा न्याय्य नाही. शासनाने जिल्हा पातळीवर क्रीडा कचेरी, क्रीडा परिषद आणि क्रीडा संकुल यांचा जो सरंजाम उभा केला आहे, तो याचसाठी आहे.

संसदेने २०२५ साली केलेल्या राष्ट्रीय क्रीडा प्रशासन कायद्याने संघटनांच्या कार्यकारिणीत नामांकित खेळाडूंना जागा राखून दिल्या, हे उचितच झाले. खेळाडू शोधणाऱ्याची मात्र त्या कायद्याला आठवण झाली नाही. आणि खेळलेला प्रत्येक जण पारखी असतो, हा समज खेळाच्या इतिहासाने केव्हाच खोटा पाडला आहे. दिल्लीचा कायदा दुरुस्त होईपर्यंत थांबण्याचेही कारण नाही. जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली भरणाऱ्या जिल्हा क्रीडा परिषदेला आजच इतके करता येईल: ज्यांनी गेल्या दहा-पंधरा वर्षांत राज्य वा राष्ट्रीय पातळीवर पोहोचलेले किमान दोन-तीन खेळाडू पहिल्यांदा हेरले, अशा क्रीडाशिक्षकांची, वस्तादांची व मंडळांच्या कार्यकर्त्यांची तालुकावार यादी करावी, त्यांच्यातून चौघांना निवड समितीत मतासह बसवावे, केवळ निमंत्रित म्हणून नव्हे, त्यांना हंगामभर फिरण्याचा प्रवासभत्ता द्यावा, आणि त्या बदल्यात प्रत्येक मुलाविषयी चार ओळींचा सही केलेला अहवाल घ्यावा, आणि चाचणीत नापास झालेल्या दर शंभर मुलांपैकी पाचांना केवळ पारख्याच्या शब्दावर प्रबोधिनीच्या दारापर्यंत नेण्याची मुभा ठेवावी. जिल्हा पुरस्काराच्या शाल-श्रीफळाहून हे महाग पडणार नाही.

साताऱ्याच्या आणि सांगलीच्या दोन्ही जिल्हाधिकाऱ्यांना माझी विनंती आहे की, क्रीडा परिषदेच्या येत्या बैठकीच्या विषयपत्रिकेवर ही दरखास्त घ्यावी. आणि ज्या वाचकांना आपल्या गावचा असा एखादा गुरुजी किंवा वस्ताद ठाऊक असेल, त्यांनी त्याचे नाव आणि त्याने शोधलेल्या मुलांची नावे लिहून तो कागद जिल्हा क्रीडा अधिकाऱ्यांच्या कचेरीत आवक क्रमांकासह दाखल करावा.